अणूचे अरण्य

‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ हे नाव आमच्या बोईसरकडच्या माणसाला मुळीच परके वाटणार नाही. चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूचे बन आहे आणि जवळच तारापूरचे अणुवीजकेंद्र. ते १९६९ साली सुरू झाले. पुढे चार-पाच वर्षांच्या आतच मुंबईत या नावाचे एक रॉक वाद्यपथक गाजू लागले. नाव आमच्या अणुभट्टीवरून घेतले असे मी म्हणत नाही. पण अणू हा शब्द तेव्हा हवेतच होता.

वाचकहो, त्या काळी परदेशी गिटार मिळवायची तर कोणी विलायतेहून येणारा गाठावा लागे. सिगारेट कंपनीने ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा भरवावी, तेव्हा या मुलांचे आवाज तबकडीवर चढावेत! १९७२ साली लेड झेपेलिनचे पेज आणि प्लांट कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये वाजवून गेले, आणि ही तरुण मंडळी कित्येक दिवस त्याच धुंदीत राहिली असतील.

१९७४ साली अलेक पदमसींनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ रंगभूमीवर आणले. त्यात ख्रिस्त झाला मधुकर चंद्रदास, म्हणजे ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’चा गायक; आणि जुडास झाला नंदू भेंडे, आपल्या आत्माराम भेंड्यांचा मुलगा. एकाच नाटकातले हे दोन गळे. पण त्यांचे भाग्य किती निराळे!

मधुकरच्या पथकाची एकच तबकडी निघाली, ‘ऑब्सेशन ७७’. पॉलिडॉर कंपनीने ती बाजारात आणली १९८१ साली, आणि तोवर पथक मोडूनही गेले होते. बारसे व्हावे तेव्हा बाळच घरात नसावे, तसा हा प्रकार. कंपन्यांचा हा कारभार मला अजूनही चीड आणतो. सुमारे तीस वर्षांनी अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने ते संगीत पुन्हा प्रसिद्ध केले. आता मूळ प्रतीसाठी परदेशी शौकीन वाटेल ती किंमत मोजतात.

नंदूला मात्र मराठी रंगभूमीने हाक मारली. १९७८ साली पुलंचे ‘तीन पैशांचा तमाशा’ आले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संस्था पुण्याची थिएटर ॲकॅडमी. ब्रेख्तच्या दरोडेखोराचा येथे अंकुश झाला होता आणि तो रॉकच्या ढंगात गात होता. लावणीवर वाढलेले प्रेक्षक ते ऐकून उठून गेले नाहीत, उलट टाळ्या देत राहिले. नंदू २०१४ साली गेला, तेव्हा अनेक मराठी घरांतून त्याच्या त्या अंकुशाचीच आठवण निघाली.