जुना संगणक, नवी कार्यप्रणाली आणि मराठी दप्तराचा प्रश्न

मुंबई-गोवा महामार्गावरून रोह्याचा रस्ता जेथे फुटतो, त्या कोलाड गावी कोकण रेल्वेचे स्थानक आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी येथून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत एक निराळी वाहतूक सुरू झाली. मालाने भरलेली मालमोटार जशीच्या तशी रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवावयाची, घाटवळणे टाळून ती दक्षिणेस न्यावयाची आणि तेथे पुन्हा रस्त्यावर उतरवावयाची, अशी ही योजना. मोटार चढविण्यापूर्वी तिची उंची व वजन पाहिले जाते. आतल्या मालाला मात्र कोणी हात लावीत नाही. माल नेण्याची जुनी रीत याच्या उलट होती. एका वाहनातून माल उतरवावा, दुसऱ्यात भरावा, आणि या उलथापालथीत जे फुटेल वा सांडेल ते सोसावे. संगणकात साठविलेले मराठी लेखन एका कार्यप्रणालीवरून दुसऱ्या कार्यप्रणालीवर नेताना नेमक्या याच दोन रीती उपलब्ध होत्या. त्यांपैकी कोणती रीत कोठे वापरली गेली, हे आता इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवे. कारण सुमारे १९९० ते २०१० या काळातील मराठी कारभाराची, मुद्रणाची आणि पत्रव्यवहाराची पुष्कळशी साधने याच वाटेने आजपर्यंत पोहोचली आहेत.

जुना संगणक नव्या कार्यप्रणालीसाठी सिद्ध करणे म्हणजे काय, याची एक ठरीव यादी असे. २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्स्पी ही प्रणाली बाजारात आली. तिला निदान २३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट मेमरी आणि हार्ड डिस्कवर दीड गिगाबाइट मोकळी जागा लागे; मेमरी १२८ मेगाबाइट असावी अशी शिफारस होती. विंडोज ९८ साठी घेतलेल्या यंत्रात पुष्कळदा ३२ किंवा ६४ मेगाबाइटच मेमरी असे. तेव्हा मेमरीची एक पट्टी वाढवावयाची, छपाईयंत्राचे व ध्वनिकार्डाचे ड्रायव्हर गोळा करावयाचे, कामाच्या फायली १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉप्यांवर किंवा सीडीवर उतरवावयाच्या आणि मग 'सी' हा विभाग पुसून नवी प्रणाली बसवावयाची. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या बोलीत या शेवटच्या कृतीला 'फॉरमॅट मारणे' म्हणतात. 'मारणे' हे क्रियापद कोणाला कसे सुचले असेल ते असो, पण मराठी मजकुराच्या दृष्टीने ते पुष्कळदा अक्षरशः खरे ठरले. ही यादी यंत्र बनविणाऱ्यांनी आणि प्रणाली विकणाऱ्यांनी यंत्राकडे पाहून केलेली होती. यंत्रात साठविलेले लेखन कोणत्या लिपीत आणि कोणत्या संकेताने ठेवले आहे, हा प्रश्न तीत नव्हता. इंग्रजी मजकुराच्या बाबतीत तो विचारण्याचे कारणही फारसे पडत नसे.

मराठी मजकुराची स्थिती वेगळी होती. संगणकात अक्षर साठत नाही, अक्षरासाठी ठरविलेला आकडा साठतो. १९८० नंतरच्या दशकात कानपूरच्या आय.आय.टी.त भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र विकसित झाले व पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते वाढविले. त्यासाठी संगणकात एक स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. ते बसविले की मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसवरील हिशेबाच्या व नोंदवहीच्या कार्यक्रमांतही देवनागरी उमटे. यामागील संकेताला 'इस्की' म्हणत. १९९१ मध्ये तो आय.एस. १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाला. या संकेतात 'कोलाड' हे नाव १७९, २२९, २०९, २१८ व १९१ अशा पाच आकड्यांनी लिहिले जाते: क, ओकाराची मात्रा, ल, काना आणि ड. लेखनाचा क्रम उच्चाराचा क्रम होय, हे त्यामागचे तत्त्व. युनिकोडमधील देवनागरीचा आराखडाही १९८८ च्या इस्कीवरूनच घेतला गेला असल्यामुळे, या पहिल्या काळातील मजकूर पुढे नेणे तत्त्वतः सर्वांत सोपे होते.

पण मराठी कचेऱ्यांत आणि छापखान्यांत बहुमताने रूढ झाली ती दुसरीच पद्धत. विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीला जागा नव्हती. तेव्हा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले फॉन्ट तयार करण्यात आले. सी-डॅकचे आय.एस.एम., पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, तसेच आकृती ही त्या काळातील परिचित नावे. या पद्धतीत संगणकाला आपण मराठी लिहीत आहोत याची जाणीवच नसते. तो रोमन चिन्हेच साठवितो आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. ही तडजोड एवढ्या सहजतेने का स्वीकारली गेली याचे कारण टंकलेखन यंत्रात आहे. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कामात मराठी टंकलेखकांची एक पिढी घडली. या पिढीचा हात आकाराच्या क्रमाने चालत असे. 'ख', 'घ', 'थ' यांसारखी अक्षरे अर्धे रूप व काना अशा दोन ठोक्यांत पुरी करावयाची, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी ठोकावयाची, रफार अक्षर उमटल्यावर त्याच्या डोक्यावर द्यावयाचा, ही त्यांची सवय. फॉन्टांच्या पद्धतीत ही सवय तशीच राहिली. म्हणून 'कोलाड' हे नाव येथे क, काना, मात्रा, ल, काना, ड असे सहा चिन्हांचे होते. आणि कोलाडजवळून वाहणाऱ्या कुंडलिकेच्या नावात 'लि' ची वेलांटी 'ल' च्या आधी साठते. कागदावर दोन्ही रीतींचे फळ एकच दिसे. त्यामुळे छपाई हेच ज्याचे साध्य, त्याला यात काही उणे वाटले नाही. उणीव कळे ती याद्या वर्णक्रमाने लावताना: 'कि', 'चि', 'वि' ने आरंभ होणारी गावे आपापली वर्णस्थाने सोडून वेलांटीखाली एकत्र गोळा होत.

आता 'फॉरमॅट मारण्या'च्या कृतीकडे पुन्हा पाहू जाता तिचा खरा अर्थ कळतो. सावध कारागीर कामाच्या फायली 'डी' विभागात हलवून मगच 'सी' पुसत असे. त्याच्या यादीप्रमाणे ही तयारी निर्दोष होती. परंतु फॉन्ट असत ते 'सी' विभागात, विंडोजच्या स्वतःच्या कप्प्यात. नव्या प्रणालीनंतर फायली सुखरूप राहत आणि त्या वाचण्याची किल्ली मात्र गेलेली असे. फाइल उघडली की रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांचा एक निरर्थक गुंता दिसे. अनेक फॉन्टांत आकड्यांच्या जागा बदललेल्या नसल्यामुळे त्या गुंत्यातून आकडे तेवढे वाचता येत: रक्कम कळे, पण ती कोणाची व कशाची ते कळत नसे. शिवाय प्रत्येक फॉन्टकुलाची मांडणी निराळी असल्याने हाती येईल तो मराठी फॉन्ट बसवून भागत नसे. अशा फायली 'खराब झाल्या' म्हणून पुसल्या जाणे स्वाभाविकच होते. वस्तुतः त्यांतील एकही आकडा बिघडलेला नव्हता.

विंडोज २००० पासून युनिकोडमधील देवनागरीचा आधार प्रणालीतच आला. तथापि एक्स्पीमध्येही तो आपोआप जागा होत नसे. प्रादेशिक भाषांच्या मांडणीत जाऊन जटिल लिप्यांच्या फायली बसवा अशी खूण करावी लागे, आणि त्यासाठी मूळ सीडी पुन्हा घालावी लागे. यंत्र आणून देणाऱ्याने सीडी परत नेली असेल, तर संगणक नवा असूनही मराठीच्या दृष्टीने जुनाच राही. जेथे हा आधार चालू झाला तेथे जुना मजकूर युनिकोडमध्ये उतरविण्याचे काम आले. हीच माल उतरवून पुन्हा भरण्याची रीत होय, आणि मोडतोड झाली ती येथे.

या मोडतोडीचे प्रकार ओळखता येणे अभ्यासकाला आवश्यक आहे. रफार आकारक्रमात शेवटी असतो, युनिकोडमध्ये तो अक्षराच्या आधी यावयास हवा; रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाने ही उलटापालट केली नाही की 'मार्ग' चा 'मागर्' होतो. ही चूक निदान उघड दिसते. कठीण आहे ती न दिसणारी चूक. मराठीत 'र' चे अर्धे रूप दोन प्रकारचे आहे, आणि त्यांच्यातील भेद अर्थाचा भेद आहे. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील दऱ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र. रूपांतरात अर्ध्या 'र' चे ते आडवे रूप हरवले की पहिल्याचे दुसरे होते आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या तसेच उभे राहते. कुंडलिकेच्या खोऱ्यासंबंधीच्या एखाद्या टिपणात, जेथे डोंगर आणि खाडी दोन्ही एका दिवसाच्या चालीत आहेत, असा पालट कोणाच्या लक्षातही येणार नाही. हेच रूप युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या संकेतांनी लिहिता येते, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला 'शेतकऱ्यांचा' हा शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्याला सापडेलच असे नाही. 'ॲ' ची कथा याच जातीची. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्यापूर्वी ते 'अ' वर अर्धचंद्र देऊन जुळविले जाई, आणि नंतर लिहिलेले अक्षर जुन्या एक्स्पीवर रिकाम्या चौकटीसारखे उमटे.

दुसरी रीत, म्हणजे कोलाडच्या वाघिणीची, जुनी प्रणाली तिच्या फॉन्टांसह व कार्यक्रमांसह नव्या यंत्रात एका बंदिस्त कप्प्यात चालविण्याची. तिच्यात मजकुराला हात लागत नाही, हा मोठाच लाभ. पण येथेही उंची आणि वजन पाहावे लागते. ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे १६ बिटांचे कार्यक्रम थेट चालत नाहीत. डॉसबॉक्ससारख्या मध्यस्थाची गरज लागते. जिस्टचे कार्ड ज्या खाचेत बसे, ती खाच पुढील यंत्रांतून नाहीशी झाली. काही मराठी कार्यक्रम छपाईयंत्राच्या जोडणीला लावलेल्या कुलपावाचून उघडत नसत, आणि ती जोडणीही पुढे गेली. म्हणजे संपूर्ण वाहन नेऊ म्हटले तरी त्याचे एखादे चाक मागे राहण्याचा संभव असतो.

मराठी इतिहाससंशोधनाला हा प्रश्न अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करावयास आरंभ केला तेव्हापासून अस्सल कागद कोणता आणि नक्कल कोणती, ही चौकशी येथील संशोधनाची पहिली पायरी ठरली. मोडी कागद बाळबोधीत उतरविताना ऱ्हस्वदीर्घ व अनुस्वार हे नकलकाराच्या समजुतीने येतात, हे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितले जाते. फॉन्टातून युनिकोडमध्ये उतरविलेली फाइल ही याच अर्थाने नक्कल आहे; अस्सल ती जुनी, निरर्थक दिसणारी फाइल. फरक एवढाच की, मोडीचा कागद दोनशे वर्षे न वाचता पडून राहिला तरी पुण्याच्या पेशवे दप्तरात तो वाचणारा जाणकार सापडतो. फॉन्टाचे नावही ठाऊक नसलेल्या फाइलीला वाचणारा सहजी सापडत नाही, आणि ती ज्या फ्लॉपीवर आहे तिचे आयुष्य त्याहून पुष्कळ थोडे. नकलकाराच्या चुकीत काही नियम असतो हेही खरे. 'मागर्' एकदा ओळखला की त्या फाइलीतील सर्व रफार त्याच न्यायाने दुरुस्त करता येतात, आणि रूपांतर कोणत्या कार्यक्रमाने झाले याचा अंदाजही त्यावरून बांधता येतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. २०२१ च्या विंडोज ११ ला ६४ गिगाबाइट साठवण, ४ गिगाबाइट मेमरी, टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि ठराविक पिढीपुढील प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणक पुन्हा एकदा यादीत बसेनासे झाले असून, त्यांच्यावर लिनक्स बसवावे की ते मोडीत काढावे असा विचार चालू आहे. यांपैकी काही यंत्रांच्या 'डी' विभागात, एकावर एक कप्प्यांत, विंडोज ९८ च्या काळापासून हलवीत आणलेल्या फायली असण्याचा संभव आहे. अशा यंत्रास हात लावण्यापूर्वी संपूर्ण डिस्कची बिटाबिटाने प्रत काढावी. फॉन्टांचा कप्पा, मग तो कितीही अनावश्यक वाटो, वेगळा जपावा. फाइलीत नोंदलेले फॉन्टाचे नाव, डीव्ही-टीटीयोगेश असो वा अन्य काही, कागदावर उतरवून ठेवावे. आणि युनिकोडमध्ये रूपांतर करावयाचे ते प्रतीचे करावे, तेही रूपांतराचा कार्यक्रम व तारीख नोंदवून. या चार कामांना अर्धा दिवस पुरतो. त्यानंतर 'सी' विभाग खुशाल पुसावा.