मुलाचं नाव 'मुकुंदराज' ठेवायचंय? अर्थ, अंभोऱ्याशी नातं आणि दाखल्यावर घ्यायची काळजी

नागपूर : घरात मुलगा जन्मला की मोबाईलवर नावं शोधणं सुरू होतं. तिथं एकाच नावाचे चार अर्थ सापडतात, त्यातले दोन तर मनानेच लिहिलेले असतात. 'मुकुंदराज' या नावाचंही तसंच झालंय. काही ठिकाणी त्याचा अर्थ चक्क 'मुकुंदाचा राजा' असा दिलाय. तो चूक आहे.

'मुकुंद' हे विष्णूचं नाव, विष्णुसहस्रनामातही ते येतं. 'मुकु' म्हणजे मुक्ती आणि 'द' म्हणजे देणारा, अशी त्याची फोड परंपरेने केली जाते. थोडक्यात, मुक्ती देणारा. पुढचा 'राज' गादीवरच्या राजाचा नाही. ज्ञानेश्वरांना आदराने 'ज्ञानराज' म्हणतात, तसाच हा राज.

नाव जुनं आहे आणि नागपूर जिल्ह्याला जवळचंही. मुकुंदराज हे मराठीचे आद्यकवी मानले जातात. त्यांचा 'विवेकसिंधु' हा १८ प्रकरणांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १११० म्हणजे इ.स. ११८८ चा असं परंपरा सांगते. तसं धरलं तर तो ज्ञानेश्वरीच्या १०२ वर्षं आधीचा ठरतो. या सालावर अभ्यासकांचा वाद आहे. हा ग्रंथ कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला लिहिला गेला, असं आपल्याकडे मानतात. वैनगंगेच्या संगमावरचं चैतन्येश्वराचं देऊळ अनेकांनी पाहिलं असेल. आता नव्या पुलामुळे तिथं गर्दीही वाढलीय. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधी याच टेकडीवर दाखवतात. मराठवाड्यातलं अंबाजोगाईही मुकुंदराजांवर हक्क सांगतं, त्यांची समाधी तिथं आहे.

नावाला गूढ वलय आलं ते एका कथेमुळे. जैत्रपाळ राजाने अट घातली होती म्हणे, की एक पाय रिकिबीत ठेवून घोड्यावर मांड टाकेपर्यंत ब्रह्म दाखवा. भले भले हरले. मुकुंदराजांनी मात्र त्याला तिथल्या तिथं समाधी लावून दिली. खरं-खोटं काही असो, 'मुक्ती देणारा' हा अर्थ या कथेत बरोबर बसतो.

राशीवरून नाव ठेवणाऱ्यांसाठी : 'मु' हे अक्षर मघा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं, रास सिंह. गावात हाक मात्र 'मुकिंदा' अशीच पडणार, ती तयारी ठेवा.

खरी काळजी दाखल्यावर घ्यायची. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसेल तर नोंद थांबवू नका. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव फुकट टाकता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून चालतो. त्यामुळे 'मुकुंदराज' एकच शब्द आहे, हे अर्जावर ठळक लिहा. 'मुकुंद राज' असं तुटक छापलं गेलं, की पुढे कोणीतरी 'राज'ला वडिलांचं नाव नाहीतर आडनाव समजतं. इंग्रजी स्पेलिंगही जोडूनच घ्या आणि दाखला हातात आला की कार्यालयातून निघायच्या आधी वाचून पाहा.