राक्षस की रक्षक? : संगणकावरील भूमिका-खेळांचा इतिहास आणि आपण

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुत खेळांविषयी मी लिहिणार आहे हे कळल्यावर चळवळीतले माझे एक जुने मित्र हसले. म्हणाले, "पोराइचे खेळ आहेत ते. शिष्यवृत्त्या रखडून राहिल्या, नोकऱ्या कंत्राटात चालल्या, अन् तुले हे काहून सुचलं?" त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. पण एक गोष्ट मी त्यांना विसरू देणार नाही. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यात राम आणि कृष्ण यांच्या कथांना त्यांनी विचारलेले प्रश्न होते. तेवढ्यावरून महाराष्ट्र पेटला. १९८८ च्या फेब्रुवारीत आपल्या लोकांना मुंबईच्या रस्त्यावर लाखोंनी उतरावे लागले. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. जमीन मागितल्यावर दंगल होते हे ठाऊक होते. गोष्टीला प्रश्न विचारल्यावरही ती होऊ शकते, हे त्या वर्षी कळले. ज्या समाजाला कथांच्या आधारे गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्याने कोणत्याही कथेला पोरखेळ समजू नये. आज ती कथा पोथीतून निघून पडद्यावर आली आहे, एवढाच फरक.

मला याची जाणीव करून दिली ती माझ्या भाच्याने. उत्तर नागपुरात आमचे दोन खोल्यांचे घर. त्याचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. २००२ साली बंद झालेल्या त्या मिलचा भोंगा त्याने ऐकलेला नाही. हप्त्याने घेतलेल्या जुन्या संगणकावर तो 'स्कायरिम' नावाचा खेळ खेळत बसे. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने २०११ साली काढलेला हा खेळ. त्यात खेळणारा स्वतःच कथेतले पात्र होतो, नाव घेतो, रूप घेतो, मुलूख हिंडतो. एके रात्री त्याने मला हाक मारली.

"मामाजी, हे मांजरवाले पाहा. याइले गावात घेत नाही."

पडद्यावर एका तटबंदीच्या गावाबाहेर राहुट्या ठोकून काही माणसे बसली होती. अंग माणसाचे, तोंड मांजराचे. त्यांना 'खजीत' म्हणतात. हे फिरते व्यापारी. सगळे चोर आहेत असा गावाचा समज, म्हणून त्यांच्या तांड्याला वेशीच्या आत मज्जाव.

"अन् तू कोण आहेस यात?"

"मी बी खजीतच आहो ना. पण मी हिरो आहो. मले कोणी नाही अडवत."

त्या रात्री मला झोप आली नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली तो कायदा गेल्यावरही ज्यांच्या पालावर पोलिसांची धाड चुकली नाही, ते पारधी मला त्या राहुट्यांत दिसत होते. आणि तो एकटा आत गेलेला हिरोही दिसत होता. आपल्यातला एखादा शिकतो, साहेब होतो, त्याच्यासाठी वेस उघडते. तांडा मात्र जिथल्या तिथे राहतो आणि त्या एकाच्या उघड्या दाराकडे बोट दाखवून आपल्याला सांगितले जाते, आता कुठे आहे जात!

त्याच खेळात विंडहेल्म नावाचे शहर आहे. तिथे सरड्याच्या तोंडाच्या आर्गोनियनांनी गोदीत हमाली करायची आणि तटाबाहेरच राहायचे, असा राजाचा हुकूम. त्यांची मजुरीही इतरांपेक्षा कमी. निर्वासित होऊन आलेल्या डनमरांसाठी वेगळा, पडका मोहल्ला. हे सारे लिहिणाऱ्यांनी महारवाडा पाहिला नसेल. पण त्यांनी गोऱ्यांच्या देशातल्या काळ्यांच्या वस्त्या पाहिल्या होत्या. विषमतेचा नकाशा सगळीकडे सारखाच निघतो. आत कोण आणि बाहेर कोण, हेच त्याला विचारायचे असते.

हे आले कोठून, याचा मी शोध घेऊ लागलो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा कागदी खेळ प्रसिद्ध केला. मेजाभोवती चारपाच जण बसायचे, प्रत्येकाने एक भूमिका घ्यायची, फासे टाकायचे आणि एकाने कथा पुढे न्यायची. काही वर्षांतच विद्यार्थ्यांनी तो विद्यापीठांतल्या मोठ्या संगणकांवर नेला. १९८१ साली 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे खेळ घरगुती संगणकांसाठी आले. स्कायरिम हा त्याच वंशावळीतला.

या पहिल्या खेळाच्या नियमांत दोन खाने होते. एक धंद्याचा : लढवय्या, जादूगार, पुरोहित. हा खेळणाऱ्याने निवडायचा. दुसरा वंशाचा : मानव, एल्फ, बुटके ड्वार्फ, त्याहून बुटके हॉबिट. वंशावर गुण बेतलेले. एवढ्यावर भागले नाही. १९७४ च्या नियमांत ड्वार्फ लढवय्या सहाव्या पायरीच्या वर चढू शकत नसे आणि हॉबिट चौथ्या पायरीच्या. मानवाला तशी मर्यादा नव्हती. पराक्रम कितीही करा, जन्माने ठरवलेली पायरी ओलांडता येत नाही. ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायका'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. त्यानंतर चोपन्न वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे, करमणुकीसाठी नेमका तसाच मनोरा बांधला गेला. बांधणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही. हेतू नसतानाही असा मनोरा उभा राहतो, हीच तर चिंतेची बाब आहे.

आता राक्षसाकडे वळू. १९७७ साली याच खेळाचा 'मॉन्स्टर मॅन्युअल' हा भुताखेतांचा कोश निघाला. त्यात आपला राक्षस आहे, 'राक्षस' याच नावाने, भारतातला म्हणून. तोंड वाघाचे, अंगात उंची झगा, स्वभाव दुष्ट. साध्या शस्त्राने त्याला इजा होत नाही. मग तो मरतो कसा? पुरोहिताने मंत्रून दिलेला बाण लागला की तत्काळ मरतो! हे वाचून मी पुस्तक मिटले. अमेरिकेतल्या त्या लेखकांना हा राक्षस पुराणांच्या आणि दूरदर्शन-मालिकेच्या वाटेने सापडला होता. त्यांनी तो जसा मिळाला तसा घेतला. सांगणाऱ्याची बाजू मात्र त्यांच्या नकळत त्याच्याबरोबर गेली. राक्षस कोण, हे सांगण्याचा अधिकार पुरोहिताचा आणि त्याला मारण्याचे सामर्थ्यही पुरोहिताच्या मंत्रात.

जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच याची उलटतपासणी केली होती. 'गुलामगिरी'त त्यांनी दशावतारांची कथा घेतली आणि तिच्यातील पात्रांच्या जागा बदलल्या. राक्षस म्हणजे रक्षण करणारे, या भूमीचे रक्षक, असा अर्थ त्यांनी लावला. बळी हा न्यायी राजा ठरला आणि वामन कपटी. खंडोबा, म्हसोबा हे बळीच्या राज्यातले अधिकारी ठरले. पंडितांनी त्यांच्या व्युत्पत्तींना नावे ठेवली, आजही ठेवतात. पण जोतीराव व्याकरणाच्या परीक्षेला बसले नव्हते. जी कथा शेतकऱ्याच्या डोक्यावर पाय ठेवून उभी होती, तिच्या आत शिरून त्यांनी तिची बाजू फिरवली. दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य येवो असे म्हणणाऱ्या आपल्या आयांच्या तोंडी ती दुसरी बाजू जिवंत होतीच. जोतीरावांनी तिला मुद्रित केले.

सत्यशोधक जलशांनी हेच केले. तमाशाचा सांगाडा तोच ठेवला : गण, गवळण, वग. आतला मजकूर बदलला. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी आंबेडकरी जलसे उभे केले, तेव्हा गणातला गणपती गेला, गवळणीतली थट्टा गेली आणि वगात पाणवठा, सावकार, शाळा आली. शिक्षणाची सोय नसलेल्या माणसांनी ही क्रांती केली, ती कोणाची परवानगी न घेता.

माझा भाचा ज्याला 'मॉड' म्हणतो ते याहून वेगळे नाही. खेळ बनवणाऱ्या कंपनीने २०१२ च्या फेब्रुवारीत 'क्रिएशन किट' नावाची हत्यारे खेळणाऱ्यांच्या हाती दिली. त्याआधी २००२ च्या 'मोरोविंड' या खेळाबरोबरही अशी हत्यारे होती. त्यांच्या साहाय्याने घर, माणूस, संवाद, कायदा, काहीही बदलता येते. जगभर हजारो तरुण हे काम फुकट करतात. भाच्याने ठरवले, तांडा आत आणायचा. तीन आठवडे तो त्यामागे होता. पहिल्या दिवशी खजीत वेशीच्या आत आले, बाजारात बसले. त्याने मला अभिमानाने दाखवले. रात्र झाली तशी ती माणसे उठली आणि मुकाट्याने वेशीबाहेर जाऊन आपल्या राहुट्यांत झोपली.

"असं काहून?"

"त्याइचा दिनक्रम जुन्या फायलीत लिहिला आहे, मामाजी. दार खोलून होत नाही. सारंच बदलवा लागते."

समतेवरची मी वाचलेली कितीतरी भाषणे या वाक्यापुढे फिकी आहेत. १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी आपण प्यालो. त्या पाण्याच्या हक्कासाठी न्यायालयात दहा वर्षे लढावे लागले. दार उघडते, दिनक्रम बदलत नाही. भाच्याने पुढे झोपण्याच्या जागा बदलल्या, गावकऱ्यांचे हिणवणारे संवाद एकेक करून काढले, तेव्हा कुठे तांडा आत मुक्कामाला राहिला.

पण याच ठिकाणी मला त्याच्याशी वाद घालावा लागला. मॉड ही मूळ फायलीला जोडलेली पुरवणी असते. मूळ फाईल तशीच राहते. पुरवणी काढली की वेस पुन्हा बंद! दोन पुरवण्यांत विरोध आला तर जी शेवटी लावली ती चालते. शिवाय हत्यारे कंपनीची. २०१५ च्या एप्रिलमध्ये या मॉडना किंमत लावून विकण्याची योजना आली, तेव्हा बनवणाऱ्याच्या वाट्याला पंचवीस टक्के आणि पाऊण हिस्सा दुकानदार व कंपनी यांना, अशी वाटणी होती. खेळणाऱ्यांनी गदारोळ केला आणि चारपाच दिवसांत ती योजना गुंडाळली गेली. पण मालक कोण आहे ते त्या चारपाच दिवसांत सर्वांना कळले. शेत दुसऱ्याचे, राबणारे आपण, ही रीत आपल्याला नवी नाही.

मी त्याला म्हणालो, बाबासाहेबांनीही आधी मूळ फाईल दुरुस्त करून पाहिली. महाड केले, काळाराम केले. मग १९३५ साली येवल्याला त्यांनी जाहीर केले की मी हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपल्याच नागपुरात, लाखो माणसांनी ती फाईलच टाकून दिली. बावीस प्रतिज्ञा ही जुन्या ग्रंथाची पुरवणी नाही. जन्माने दिलेली भूमिका नाकारून माणसांनी स्वतःची भूमिका स्वतः घेतली, तीही खेळात नव्हे, जगण्यात. दिवस विजयादशमीचा होता. आजही त्या दिवशी एकीकडे कस्तुरचंद पार्कवर रावण जळतो आणि दुसरीकडे दीक्षाभूमीवर माणसांचा सागर लोटतो. एकाच शहरात, एकाच संध्याकाळी, दोन कथा. त्यातली आपली कोणती, हे आपण ठरवले आहे.

भाचा गप्प बसला नाही. म्हणाला, "मामाजी, पण फाईल टाकाले दम लागते. त्याच्या आधी ते बदलते हे तर दिसलं पायजे ना." मला उत्तर सुचले नाही. कारण त्याचे खरे आहे. जोतीराव झाले नसते, जलसे झाले नसते, तर दीक्षाभूमीवर यायला माणसांची मने तयार झाली असती का? कथेच्या जागा बदलता येतात हे ज्याने एकदा पाहिले, तोच ती कथा सोडून जाऊ शकतो. कागदी खेळाचेही तसेच झाले. मेजाभोवती खेळणारे घरोघर आपले नियम करत राहिले. २००० सालच्या आवृत्तीत वंशाच्या पायऱ्यांची मर्यादा गेली. २०२० साली काही वंशच्या वंश दुष्ट दाखवल्याबद्दल कंपनीला चूक मान्य करावी लागली. २०२४ च्या पुस्तकात 'वंश' हा शब्दही उरला नाही. ही वाटचाल पन्नास वर्षांची आहे. आपल्या मानाने फार नाही!

आणि आपल्याकडे? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा देखणा खेळ काढला. नायिका कसरती करून जगणारी मुलगी आहे, हे मला फार आवडले. पण तिचा शत्रू पुन्हा असुर आहे, नाव महाबलासुर. नायिका आपल्यातली, हत्यार देवांचे आणि मारायचा तो असुर! १८७३ पासून आपण जे सांगत आलो ते या तरुण कलावंतांपर्यंत पोचले नाही. दोष त्यांचा की आपला?

म्हणून माझ्या त्या जुन्या मित्राला उत्तर देतो. शिष्यवृत्तीचा लढा सोडा असे मी म्हणत नाही. उलट, हा खेळ बनवायला जो संगणक, जी भाषा, जे शिक्षण लागते ते शिष्यवृत्तीनेच मिळणार आहे. पण त्या शिष्यवृत्तीवर शिकलेला आपला मुलगा उद्या कोणाच्या राक्षसावर बाण सोडणार, हाही चळवळीचाच प्रश्न आहे. आपल्या वस्त्यांतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी एक संगणक यासाठीही असावा. शिक्षकांनी 'गुलामगिरी' शिकवताना मुलांना विचारावे, तुम्ही खेळता त्या खेळात वेशीबाहेर कोण आहे?

भाचा सध्या स्वतःचा खेळ लिहितो आहे. कोणाची मूळ फाईल नाही. नकाशाही त्यानेच काढला. त्यात गाव आहे, नदी आहे, बाजार आहे. मी पाहिले आणि विचारले, वेस कुठे आहे?

म्हणाला, "काढलीच नाही."