टाकाऊ प्रतींचा इतिहास : इंग्रजी भयकथांच्या पेपरबॅक आवृत्त्या, अग्रिम प्रती आणि त्यांचे संग्राहक

साहित्याचा इतिहास लिहिणारा अभ्यासक ग्रंथालयात जतन झालेल्या प्रतींवर विसंबून असतो. परंतु काही साहित्यप्रकार असे आहेत की ज्यांच्या मूळ प्रती ग्रंथालयांनी फारशा जपल्याच नाहीत. विसाव्या शतकातील इंग्रजी भयकथा हा त्यांपैकी एक ठळक प्रकार होय. प्रस्तुत निबंधात या प्रकाराशी संबंधित दोन तऱ्हांच्या प्रतींचा विचार केला आहे. एक म्हणजे स्वस्त कागदावर छापलेली, मऊ बांधणीची पेपरबॅक आवृत्ती. दुसरी म्हणजे प्रकाशनापूर्वी समीक्षकांना व पुस्तकविक्रेत्यांना पाठविली जाणारी असंशोधित अग्रिम प्रत. या दोन्ही वस्तू वापरून टाकून देण्यासाठीच निर्माण झाल्या होत्या. त्या आज उपलब्ध आहेत याचे श्रेय मुख्यतः हौशी संग्राहकांकडे जाते. अशा संग्राहकाकडे विद्यापीठीय अभ्यासक काहीशा थट्टेने पाहतो. भयसाहित्याच्या बाबतीत तरी ही थट्टा आपल्याला परवडणारी नाही.

स्वस्त आवृत्तीला संहितेच्या अभ्यासात स्वतंत्र स्थान असते, हे 'ड्रॅक्युला'च्या उदाहरणावरून दिसून येते. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी मे १८९७ मध्ये कॉन्स्टेबल या लंडनच्या प्रकाशनसंस्थेने पिवळ्या कापडी बांधणीत प्रसिद्ध केली. किंमत सहा शिलिंग. त्याच संस्थेने १९०१ मध्ये सहा पेनींची कागदी आवृत्ती काढली. किंमत बारा पटींनी उतरली आणि मजकूरही कापला गेला. या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर किल्ल्याच्या भिंतीवरून खाली सरपटणारा ड्रॅक्युला चितारलेला आहे. चित्रपटांनी रूढ केलेल्या रुबाबदार सरदाराशी त्याचे काहीही साम्य नाही. एडवर्डकालीन सामान्य वाचकापुढे कोणता ड्रॅक्युला आला, याचे उत्तर हवे असल्यास सहा शिलिंगांची प्रत पुरेशी नाही. सहा पेनींची प्रतही पाहावी लागते, आणि ती आज अतिशय दुर्मिळ आहे.

अमेरिकेतील एच. पी. लव्हक्राफ्टची कथाही अशीच उद्बोधक आहे. लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये निधन पावला, तेव्हा त्याचे लेखन प्रामुख्याने हलक्या कागदावरील मासिकांत विखुरलेले होते. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री या त्याच्या चाहत्यांनी १९३९ मध्ये 'आर्कम हाऊस' स्थापून 'द आउटसायडर अँड अदर्स' हा जाडजूड संग्रह काढला. प्रती १२६८ आणि किंमत पाच डॉलर. आज हा ग्रंथ संग्राहकांचे दैवत आहे. मात्र त्यानंतर काही वर्षांतच दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांसाठी छापलेल्या 'आर्म्ड सर्व्हिसेस एडिशन्स' या मोफत मालिकेत 'द डनिच हॉरर'चा समावेश झाला. १९४३ ते १९४७ या काळात या मालिकेची सुमारे १२ कोटी पुस्तके वाटली गेली. आडव्या आकाराची, दोन स्तंभांत छापलेली ही पुस्तके गणवेशाच्या खिशात मावत. 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' यांनाही त्या मालिकेत स्थान मिळाले होते. लव्हक्राफ्टचा वाचकवर्ग कसा वाढला, हे १२६८ प्रतींच्या ग्रंथापेक्षा खिशात चुरगळलेली ती पुस्तिका अधिक सांगते.

युद्धोत्तर काळात आणखी एक बदल झाला. फॉसेट कंपनीने १९५० मध्ये 'गोल्ड मेडल' ही मालिका सुरू केली. तोपर्यंत पेपरबॅक म्हणजे आधी पुठ्ठाबांधणीत निघालेल्या पुस्तकाचे पुनर्मुद्रण, असा समज होता. 'गोल्ड मेडल'ने थेट पेपरबॅकमध्येच नवी पुस्तके काढली आणि लेखकांना मानधन विकलेल्या नव्हे, तर छापलेल्या प्रतींवर दिले. रिचर्ड मॅथेसनची 'आय अ‍ॅम लेजंड' ही कादंबरी १९५४ मध्ये याच मालिकेत प्रथम अवतरली. म्हणजे तिची पहिली आवृत्ती हीच पेपरबॅक आहे. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह बार्करच्या 'बुक्स ऑफ ब्लड'चे पहिले तीन खंड १९८४ मध्ये स्फियर या संस्थेच्या पेपरबॅकांतच प्रथम निघाले. अशा पुस्तकांच्या बाबतीत स्वस्त प्रत न ठेवणारे ग्रंथालय पहिल्या आवृत्तीलाच मुकते.

'रोझमेरीज बेबी' (१९६७) आणि 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७१) यांच्या यशानंतर भयकादंबरीला बाजारात मोठी मागणी आली. स्टीफन किंगला 'कॅरी'साठी डबलडे या संस्थेने अडीच हजार डॉलर आगाऊ दिले होते. त्याच कादंबरीचे पेपरबॅक हक्क चार लाख डॉलरना विकले गेले. व्यवसायाचे मर्म कोठे होते, ते या दोन आकड्यांवरून कळते. मग दुकानातील फिरत्या मांडणीवर गिऱ्हाइकाची नजर खेचण्याची स्पर्धा सुरू झाली. 'सेलम्स लॉट'च्या १९७६ च्या पेपरबॅकवर काळ्या पृष्ठावर काळ्याच उठावाचा चेहरा आणि रक्ताचा एकच लाल थेंब होता. व्ही. सी. अँड्र्यूजच्या 'फ्लॉवर्स इन द अ‍ॅटिक' (१९७९) या पुस्तकाच्या मुखपृष्ठाला खिडकी कापलेली होती. ते उलटले की आत दुसरे चित्र दिसे. या मुखपृष्ठांवर अनेकदा चित्रकाराचे नावही नसे. चित्राच्या कोपऱ्यातील पुसट सह्या जुळवून ती नावे शोधण्याचे काम पुढे बहुतांशी संग्राहकांनीच केले.

ही पुस्तके नाहीशी कशी झाली, याचे कारण वितरणव्यवस्थेत सापडते. पेपरबॅकांचे वितरण मासिकांच्या वितरकांकडे असल्यामुळे न विकलेला माल परत करण्याची मासिकांची रीतही त्यांना लागू झाली. संपूर्ण पुस्तक परत पाठविणे खर्चाचे असल्याने विक्रेता केवळ मुखपृष्ठ फाडून पाठवी, त्याबद्दल रक्कम वळती करून घेई आणि उरलेले पुस्तक रद्दीत टाकणे अपेक्षित असे. शिवाय कागद आम्लयुक्त, म्हणून काही वर्षांत पिवळा व ठिसूळ होणारा. बांधणी शिवणीची नव्हे, तर डिंकाची. काळ आणि कंपनी दोघांनी मिळून पुस्तक नष्ट करण्याची सोय केली होती.

अग्रिम प्रतींचे स्वरूप याहून वेगळे आहे. पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वी काही महिने साध्या रंगीत कागदी वेष्टणात बांधलेली मुद्रिते समीक्षकांकडे जात. पुढे रंगीत मुखपृष्ठासह छापलेल्या वाचनप्रतीही निघू लागल्या. त्यांवर 'विक्रीसाठी नाही' आणि 'अवतरणे अंतिम पुस्तकाशी ताडून पाहावीत' अशा आशयाच्या सूचना असतात. लेखकाने अखेरच्या क्षणी काय बदलले हे या प्रतींवरून कळते. पण इतिहासकाराच्या दृष्टीने मलपृष्ठ अधिक बोलके असते. नियोजित पहिल्या आवृत्तीचा आकडा, जाहिरातीचा बेत, लेखकाच्या दौऱ्याचा तपशील हे सारे तेथे छापलेले असते. हे आकडे विक्रेत्यांवर छाप पाडण्यासाठी फुगविलेले असतात हे खरे. तथापि प्रकाशकाला या पुस्तकाकडून काय अपेक्षा होती, याचा एवढा उघड पुरावा अन्यत्र सहसा मिळत नाही.

अग्रिम प्रत आणि पेपरबॅक या दोहोंनी मिळून एक रहस्य उलगडल्याचे उदाहरण म्हणजे रिचर्ड बाकमन प्रकरण. १९७७ ते १९८२ या काळात 'रेज', 'द लाँग वॉक', 'रोडवर्क' आणि 'द रनिंग मॅन' या चार कादंबऱ्या बाकमन या नावाने सिग्नेट पेपरबॅकांत निघाल्या व फारसा गाजावाजा न होता दुकानांतून ओसरल्या. १९८४ मध्ये त्याच नावाने 'थिनर' पुठ्ठाबांधणीत येणार होती. वॉशिंग्टनमधील एका पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या स्टीव्ह ब्राऊन यांच्या हाती तिची अग्रिम प्रत आली. ती वाचताच ही शैली किंगची आहे अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये स्वामित्वहक्काच्या नोंदी तपासल्या. बाकीच्या पुस्तकांच्या नोंदी किंगचे साहित्यप्रतिनिधी कर्बी मॅकॉली यांच्या नावे होत्या. सर्वांत जुन्या 'रेज'ची नोंद मात्र थेट स्टीफन किंग या नावाने झालेली होती. ब्राऊन यांनी किंगला पत्र लिहिले आणि १९८५ मध्ये ही गोष्ट सर्वतोमुखी झाली. स्वतः किंगने दिलेल्या आकड्यांनुसार बाकमनच्या नावाने 'थिनर'च्या २८ हजार प्रती खपल्या होत्या, तर किंगच्या नावाने २ लाख ८० हजार. पुस्तक तेच, नाव बदलताच खप दहापट! लेखकाच्या नावाचे बाजारमूल्य इतक्या स्वच्छपणे मोजून मिळण्याचा प्रसंग साहित्याच्या समाजशास्त्रात विरळाच.

या प्रकरणाला पुढे गंभीर वळण लागले. 'रेज'मध्ये एक विद्यार्थी शाळेत बंदूक घेऊन वर्गाला ओलीस धरतो. डिसेंबर १९९७ मध्ये केंटकी राज्यातील पडूका येथील एका शाळेत गोळीबार झाला, तेव्हा आरोपी विद्यार्थ्याकडे या कादंबरीचा संबंध पोहोचला आणि किंगने ती बाजारातून काढून घेतली. २०१३ मध्ये 'गन्स' या निबंधात त्याने आपली भूमिका सविस्तर मांडली. बाकमनच्या कादंबऱ्यांच्या एकत्रित संग्रहाच्या नंतरच्या आवृत्त्यांत 'रेज' नाही. परिणामी ही कादंबरी आज केवळ जुन्या प्रतींतच शिल्लक आहे. लेखकाचा निर्णय नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे, यात प्रस्तुत लेखकाला शंका वाटत नाही. पण त्या निर्णयाची चर्चा करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने कादंबरी वाचावी कोठून? लेखकाने मागे घेतलेली संहिता संग्राहकाच्या कपाटात राहते आणि तिची किंमत त्या बंदीमुळेच वाढते, ही अडचण सहज सुटणारी नाही.

संग्राहकांच्या मूल्यव्यवस्थेचे दोषही येथे नोंदविले पाहिजेत. 'पॅन बुक ऑफ हॉरर स्टोरीज' ही हर्बर्ट व्हॅन थाल यांनी संपादिलेली ब्रिटिश मालिका १९५९ मध्ये सुरू झाली आणि १९८९ मध्ये तिसाव्या खंडावर थांबली. तिचे आरंभीचे खंड पुनःपुन्हा छापले गेले, म्हणून ते स्वस्तात मिळतात. अखेरचे खंड खप ओसरल्यावर निघाले, थोडे छापले गेले, आणि म्हणूनच त्यांना चढा भाव येतो. म्हणजे बाजारातील दुर्मिळता हे येथे अपयशाचे चिन्ह आहे, प्रभावाचे नव्हे. दुसरा दोष कोरेपणाच्या हव्यासाचा. ज्या प्रतीचा कणा कधी मोडला नाही ती सर्वोत्तम, म्हणजेच जी कोणी वाचली नाही ती सर्वोत्तम! तरीही या मालिकेचा इतिहास लिहिला गेला तो जॉनी मेन्स या निष्ठावंत संग्राहकाकडून. १९५९ चा पहिला खंड २०१० मध्ये पुन्हा मूळ रूपात निघाला, तोही त्यांच्या प्रस्तावनेसह. अमेरिकेत ग्रेडी हेंड्रिक्स यांनी विल एरिक्सन यांच्या साहाय्याने 'पेपरबॅक्स फ्रॉम हेल' (२०१७) हा सचित्र इतिहास सिद्ध केला. त्यानंतर व्हॅलनकोर्ट बुक्सने २०१९ पासून विस्मृत कादंबऱ्या पुन्हा छापल्या. त्यांतील पहिली, 'द नेस्ट', १९८० मध्ये ग्रेगरी डग्लस या टोपणनावाने निघालेली होती.

विद्यापीठांनीही अलीकडे दखल घेतली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील ईटन संग्रहाचा पाया १९६९ मध्ये एका डॉक्टरांच्या खासगी संग्रहातील सुमारे साडेसात हजार ग्रंथांच्या खरेदीने घातला गेला. ते ग्रंथ मात्र बहुतांशी पुठ्ठाबांधणीचे होते. अग्रिम प्रतींचा ओघ तर आता आटू लागला आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या नेटगॅलीसारख्या सेवांमुळे समीक्षकाला संगणकावरच प्रत मिळते आणि मुदत संपताच ती उघडेनाशी होते. उद्याच्या स्टीव्ह ब्राऊनने ताडून पाहावे असे काही मागे उरत नाही.

मराठीशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. नारायण धारप (१९२५-२००८) यांची 'लुचाई' ही 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. मात्र धारपांच्या स्वतःच्या पहिल्या आवृत्त्या आज कोठे पाहावयास मिळतात? बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या मूळ पुस्तिकांचीही तीच गत. ही पुस्तके वाचली गेली ती प्रामुख्याने फिरत्या व सशुल्क वाचनालयांतून, आणि वाचनालयाची पहिली क्रिया म्हणजे मूळ मुखपृष्ठ काढून वर जाड पुठ्ठा चढविणे. पुस्तक त्यामुळे टिकले, पण चित्र, किंमत, मलपृष्ठावरील जाहिराती हे सारे गेले. अमेरिकेत मुखपृष्ठ परत जाई आणि पुस्तक रद्दीत पडे. आपल्याकडे पुस्तक राहिले आणि मुखपृष्ठ रद्दीत गेले. संग्राहक अशा प्रतीला हात लावणार नाही. परंतु तिच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची चिकटवलेली पट्टी असते, एकावर एक शिक्के उमटलेली. एखादे पुस्तक एका पावसाळ्यात किती घरांत जाऊन आले ते त्या पट्टीवर वाचता येते. जुन्या वाचनालयांची कपाटे रिकामी होत असताना या पट्ट्यांची छायाचित्रे घेऊन ठेवण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास आणि मराठी विभागांना मिळून एका वर्षात पार पाडता येईल. त्यासाठी लागणारा खर्चही किरकोळ आहे.