बसंतरच्या काठचा निर्णय

वीरांच्या चरित्रांचे एक दुर्दैव असते. त्यांचे मरण सर्वांना ठाऊक असते; त्या मरणामागचा विचार मात्र कोणी तपासून पाहत नाही. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच्या बाबतीत असेच झाले आहे. मागे येण्याची आज्ञा झाली, तो आला नाही, आणि धारातीर्थी पडला, एवढीच त्याची हकीकत सांगितली जाते. यवतमाळसारख्या सीमेपासून दूरच्या जिल्ह्यात युद्ध पोचते ते बहुधा अशा हकीकतींच्या रूपानेच. म्हणून आज आपण एक प्रश्न विचारू: तो अरुणचा हट्ट होता, की निर्णय?

घराणे पंजाबी असले, तरी अरुणचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. वडील लष्कराच्या इंजिनिअर दलात अधिकारी होते. शालेय शिक्षण सनावरला झाले. १९६७ साली तो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला आणि १३ जून १९७१ रोजी पूना हॉर्स या रिसाल्यात अधिकारी झाला. हा रिसाला मूळचा १८१७ च्या पुणे तहातून उभा राहिलेला. पुढे घोडे गेले, रणगाडे आले; नाव तेच राहिले. १९६५ च्या युद्धात याच रिसाल्याचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल तारापोर सियालकोट आघाडीवर पडले होते व त्यांना परमवीरचक्र मिळाले होते. असा वारसा अरुणला मिळाला. नगरला त्याचे शिक्षण चालू असतानाच युद्ध जवळ आले आणि त्याला रिसाल्यात परतावे लागले.

आता रणभूमी पाहू. जम्मू व पंजाब यांच्यामध्ये पाकिस्तानचा शकरगडचा प्रदेश फुगवट्यासारखा पुढे आलेला आहे. पठाणकोटहून जम्मूकडे जाणारा रस्ता तेथून जवळ. तो तुटला तर काश्मीरची वाट तुटते. म्हणून आपल्या फौजा या प्रदेशात शिरल्या. १५ डिसेंबर १९७१ च्या रात्री ४७ व्या पायदळ ब्रिगेडने बसंतर नदीपलीकडे पाय रोवले. मध्ये सुरुंगांचे पट्टे होते. इंजिनिअर ते साफ करीत होते, पण काम अर्धेच झाले होते, आणि पलीकडून शत्रूच्या रणगाड्यांच्या हालचालीच्या वार्ता येऊ लागल्या. तेव्हा रिसाल्याचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांनी उरलेल्या सुरुंगांतूनच रणगाडे पुढे घातले. ज्या १६ व्या चिलखती ब्रिगेडमध्ये हा रिसाला लढत होता, तिचे नेतृत्व पुढे सरसेनापती झालेले अरुणकुमार वैद्य करीत होते.

१६ तारखेला सकाळी जरपाल येथे प्रतिहल्ला आला. बी स्क्वाड्रनने मदत मागितली. अरुण ए स्क्वाड्रनमध्ये होता. तो आपण होऊन निघाला. वाटेतली शत्रूची ठाणी मोडीत तो पोचला, तो शत्रू मागे सरकत होता. अरुणने आवेशाने त्याचा पाठलाग केला. त्याचे सन्मानपत्र हा आवेश लपवीत नाही. येथपर्यंत एकवीस वर्षांचे रक्त बोलत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु पुढचा भाग निराळा आहे. शत्रू पुन्हा जुळून आला आणि त्याने नेमकी तीच बाजू निवडली, जेथे अरुण व आणखी दोनच रणगाडे उभे होते. झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे फुटले. त्यांतले चार अरुणच्या नावावर आहेत. त्याचा ‘फामागुस्टा’ हा सेंच्युरियन रणगाडा पेटला, तो स्वतः जखमी झाला, आणि बिनतारी यंत्रावर रणगाडा सोडण्याची आज्ञा आली. त्याने कळविले की तोफ अजून चालते आहे.

या उत्तराकडे नीट पाहा. त्यात मरणाची हौस नाही, हिशेब आहे. आपण हटलो तर फट पडेल, आणि फटीतून शत्रू सुरुंगांच्या पट्ट्यापलीकडे अडकलेल्या पायदळावर येईल, हे त्याने ओळखले होते. तो थांबला, आणखी एक रणगाडा फोडला, आणि दुसऱ्या गोळ्याने त्याचा अंत झाला. शत्रूला मात्र वाट मिळाली नाही. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी ढाक्यात पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडेही युद्ध थांबले.

अरुणला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. याच लढाईत पायदळाचे मेजर होशियार सिंग यांनाही ते मिळाले, आणि ते जिवंत परतले. रात्रभर सुरुंग उचलणारे इंजिनिअर, ठाणे धरून बसलेले पायदळ, रणगाड्यातले सोबती, यांच्या कामाचा शेवटचा दुवा अरुणच्या हाती आला होता. तो त्याने सुटू दिला नाही, इतकेच.

पुढे २००१ साली त्याचे वृद्ध वडील पाकिस्तानात आपले जन्मगाव पाहण्यास गेले. ज्यांच्या घरी ते उतरले, त्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने निरोपाच्या आदल्या रात्री त्यांना सांगितले की, त्या दिवशी समोरून लढणारा मीच होतो. आणि त्याने अरुणच्या शौर्याला वंदन केले. शत्रूनेही ज्याची थोरवी ओळखली, त्याला आपण केवळ जयजयकाराने ओळखावे, हे पुरेसे नाही. आज्ञा पाळणे हा सैनिकाचा धर्म. ती ज्या हेतूसाठी दिली जाते तो हेतू आगीतही न विसरणे, हा त्याहून अवघड धर्म आहे. तो या मुलाला अवघ्या सहा महिन्यांच्या नोकरीत उमगला होता.