माप एकच हवे

२२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ऑस्लो येथे सरकारी कचेऱ्यांपाशी स्फोट होऊन ८ माणसे दगावली. पाठोपाठ उतोया बेटावर गोळीबारात ६९. हे बेट ऑस्लोच्या कामगार संघटनांनी १९५० साली मजूर पक्षाच्या युवक संघटनेस भेट दिलेले. मेली ती बहुतेक आमच्याच चळवळीची कोवळी पोरे.

पहिल्या काही तासांत अनेक जाणत्यांनी बोट दाखविले ते इस्लामी अतिरेक्यांकडे. मारेकरी निघाला ब्रेव्हिक, ख्रिस्ती युरोपच्या रक्षणाची भाषा करणारा नॉर्वेजियनच. लगेच सूर पालटला: हा एकटा माथेफिरू! पहिल्या वैद्यकीय अहवालानेही त्यास वेडा ठरविले. न्यायालयाने मात्र २०१२ साली तो शुद्धीवर होता असे ठरवून शिक्षा दिली.

त्याच्या पापाचा धनी ख्रिस्ती धर्म नव्हे, हे आम्हांस मान्य. मग मुसलमानाच्या वाट्यास तोच न्याय का नाही? कारखान्याच्या फाटकावर आम्ही हे पुष्कळ पाहिले आहे. एका कामगाराने दगड मारला की सारा संप गुंडांचा. मालकाच्या माणसाने डोके फोडले तर तो एकटाच वाईट. दोष करणाऱ्याचा धरावा, जमातीचा नव्हे. आणि ज्या विचाराने त्यास चिथावले त्याची झडती मात्र दोन्हीकडे सारखीच घ्यावी.