फॉरएव्हर केमिकल्स: पिण्याच्या पाण्यात शिरलेली ही रसायने बाहेर कशी काढतात?

पाणी गढूळ असेल तर दिसते. त्यात क्लोरीन जास्त झाले तर वास येतो. क्षार वाढले तर चव बदलते आणि भांड्यावर पांढरे डाग पडतात. पण काही रसायने अशी आहेत की ती पाण्यात असली तरी रंग, वास, चव यांपैकी काहीच बदलत नाही. पाणी उकळले तरी ती जात नाहीत, तुरटी फिरवली तरी जात नाहीत. शरीरात गेली की काही वर्षे तिथेच मुक्काम करतात. या रसायनांचे नाव पीफास. जगभर त्यांना ‘फॉरएव्हर केमिकल्स’ म्हणतात, म्हणजे कायमची टिकणारी रसायने.

ती पाण्यातून काढता येतात का? येतात. पण त्यासाठी काय करावे लागते, खर्च कोणावर पडतो आणि काढलेले रसायन पुढे जाते कुठे, हे समजून घेतले पाहिजे. कारण या गोष्टीचा एक धागा थेट कोकणापर्यंत येतो.

पीफास म्हणजे नेमके काय?

हे एक रसायन नाही, हजारो मानवनिर्मित रसायनांचे कुटुंब आहे. या सगळ्यांमध्ये कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध असतो. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत मजबूत बंधांपैकी हा एक. निसर्गातले जिवाणू, ऊन, पाऊस यांना तो सहजासहजी तुटत नाही.

नेमका हाच गुण उद्योगांना आवडला. १९३८ मध्ये अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीत रॉय प्लंकेट यांना योगायोगाने एक निसरडा पांढरा पदार्थ सापडला. तोच पुढे टेफ्लॉन म्हणून प्रसिद्ध झाला. त्यानंतर नॉन-स्टिक तवे, पाणी न शोषणारे कपडे, तेल न झिरपणारे खाद्यपदार्थांचे कागद, विमानतळांवर आग विझवण्यासाठी वापरला जाणारा फेस अशा असंख्य ठिकाणी ही रसायने पोहोचली. कारखान्यांचे सांडपाणी, कचरा डेपो आणि अग्निशमनाचा फेस यांतून ती नदीत आणि भूजलात उतरली.

धोका किती?

या कुटुंबातली सर्वाधिक अभ्यासलेली दोन रसायने म्हणजे पीएफओए आणि पीएफओएस. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्गजवळ ड्युपॉन्टचा कारखाना होता. तिथल्या पाण्यावरून रॉबर्ट बिलॉट या वकिलाने दीर्घ कायदेशीर लढा दिला. त्यातून सुमारे ६९ हजार लोकांची आरोग्यविषयक माहिती आणि रक्ताचे नमुने गोळा झाले. स्वतंत्र शास्त्रज्ञांच्या गटाने २०१२ पर्यंत निष्कर्ष दिला की पीएफओएचा सहा विकारांशी संबंध असण्याची शक्यता आहे: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेले कोलेस्टेरॉल, मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि गरोदरपणातला उच्च रक्तदाब.

२०२३ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

याचा अर्थ एक ग्लास पाणी प्यायले आणि आजारी पडलो, असा नाही. ही रसायने शरीरातून फार सावकाश बाहेर पडतात. रोज थोडी आत आणि त्याहून कमी बाहेर, असा हिशेब वर्षानुवर्षे चालला की साठा वाढतो. म्हणूनच पाण्यातले अगदी अल्प प्रमाणही महत्त्वाचे ठरते.

मर्यादा किती आहे?

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस यांच्यासाठी प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा ठरवली. हे किती कमी आहे? दहा हजार लिटरचे साडेबाराशे टँकर पाण्याने भरा आणि त्या सगळ्यात मिळून एकच थेंब टाका. साधारण तेवढे. मे २०२५ मध्ये याच संस्थेने या दोन मर्यादा कायम ठेवत, पूर्ततेची मुदत २०२९ वरून २०३१ पर्यंत वाढवण्याचा इरादा जाहीर केला. युरोपीय संघात जानेवारी २०२६ पासून २० निवडक पीफासची बेरीज १०० नॅनोग्रॅम प्रतिलिटरच्या आत ठेवण्याचे बंधन आहे.

भारतात पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० हे मानक वापरतात. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत पीफाससाठी मर्यादाच दिलेली नाही. ज्याची मर्यादा नाही, त्याची नेहमीच्या तपासणीत कोणी चौकशीही करत नाही.

नेहमीच्या जलशुद्धीकरण केंद्रात ही रसायने का अडकत नाहीत?

आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत पाण्यात तुरटी टाकतात, गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन मिसळतात. ही पद्धत माती आणि जंतूंसाठी उत्तम आहे. पण पीफास पाण्यात पूर्ण विरघळलेले असतात. ते गाळासोबत खाली बसत नाहीत, वाळूत अडकत नाहीत आणि क्लोरीनला दादही देत नाहीत. त्यासाठी तीन वेगळ्या पद्धती वापरतात.

पहिली पद्धत: सक्रिय कोळसा

दगडी कोळसा किंवा नारळाची करवंटी विशिष्ट पद्धतीने तापवून हा कोळसा तयार करतात. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सुमारे हजार चौरस मीटर भरतो. पाणी त्यातून जाताना पीफासचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात.

पद्धत जुनी, खात्रीची आणि मोठ्या केंद्रांत वापरता येण्याजोगी आहे. अडचण दोन ठिकाणी येते. एक, छिद्रे भरली की कोळसा बदलावा लागतो. वेळेत बदलला नाही तर रसायने पुन्हा पाण्यात येऊ लागतात. दोन, लांब साखळीचे रेणू त्याला घट्ट चिकटतात, पण आखूड साखळीचे लवकर निसटतात. जुन्या रसायनांवर टीका झाल्यावर उद्योगांनी पर्याय म्हणून आखूड साखळीचीच रसायने आणली, हे इथे लक्षात ठेवा.

दुसरी पद्धत: आयन विनिमय

यात रेझिनचे बारीक मणी टाकीत भरतात. पाण्यातल्या बहुतेक पीफासवर ऋण विद्युतभार असतो आणि मण्यांवर धन भार असतो. त्यामुळे मणी पीफासला धरून ठेवतात आणि बदल्यात निरुपद्रवी आयन सोडतात. बोअरचे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातही विनिमयाचेच तत्त्व असते, फक्त मणी वेगळे. ही पद्धत आखूड साखळीवर कोळशापेक्षा बऱ्याचदा चांगली चालते आणि तिला जागा कमी लागते. पण रेझिन महाग असते.

तिसरी पद्धत: आरओ

घरोघरी माहीत असलेले आरओ हेच. पाणी दाबाने अतिशय बारीक पडद्यातून ढकलतात. पाणी पलीकडे जाते आणि बाकीचे मागे राहते. लांब आणि आखूड, दोन्ही साखळ्यांवर ही पद्धत प्रभावी आहे. पण मागे राहिलेल्या पाण्यात पीफास अधिक दाट झालेले असतात. ते पाणी गटारात सोडले तर रसायने फिरून नदीतच जातात.

खर्च किती? विल्मिंग्टनचे उदाहरण

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात विल्मिंग्टन शहर केप फिअर नदीचे पाणी पिते. नदीच्या वरच्या अंगाला केमूर्स कंपनीचा कारखाना आहे. त्यातून येणारे जेनएक्स हे पीफास नळाच्या पाण्यात असल्याचे २०१७ मध्ये लोकांना कळले. जेनएक्स हे पीएफओएला पर्याय म्हणून आणलेले रसायन.

शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात सक्रिय कोळशाचे प्रचंड फिल्टर बसवले गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते सुरू झाले. बांधकामाचा खर्च ४ कोटी डॉलरहून अधिक. शिवाय कोळसा बदलत राहण्यासाठी दरवर्षी लाखो डॉलर लागतात. पाणी स्वच्छ झाले, पण ‘बातमी कळली’ ते ‘फिल्टर सुरू झाले’ यात पाच वर्षे गेली.

काढलेले रसायन जाते कुठे?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. वरच्या तिन्ही पद्धती पीफास नष्ट करत नाहीत, फक्त पाण्यातून उचलून दुसरीकडे ठेवतात. वापरलेला कोळसा कचरा डेपोत टाकला तर रसायने पुन्हा जमिनीत झिरपू शकतात. त्यामुळे तो अतिउच्च तापमानाला भाजतात. तापमान कमी पडले तर अर्धवट तुटलेले रेणू हवेत जाण्याचा धोका असतो.

म्हणून रेणूच तोडण्याच्या पद्धतींवर काम चालू आहे. एका पद्धतीत पाणी ३७४ अंश सेल्सियसच्या वर आणि हवेच्या दाबाच्या सुमारे २२० पट दाबाखाली नेतात. त्या अवस्थेत ऑक्सिजनच्या मदतीने पीफास तुटतात. दुसरीत विजेचा वापर करतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की पीएफओएच्या गटातली काही रसायने सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, आणि एका साध्या द्रावकात सुमारे १२० अंशांपर्यंत तापवूनही तोडता येतात. पण अशा पद्धती संपूर्ण शहराच्या पाण्यावर चालवणे परवडत नाही. आधी रसायने थोड्या द्रवात गोळा करायची आणि मग तो द्रव नष्ट करायचा, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

इटली ते लोटे परशुराम

इटलीच्या व्हेनेतो प्रांतात त्रिस्सिनो इथे मितेनी नावाचा पीफास बनवणारा कारखाना होता. २०१३ मध्ये तिथल्या भूजलात आणि नळाच्या पाण्यात ही रसायने सापडली. साडेतीन लाखांच्या आसपास लोकसंख्येचा भाग बाधित ठरला. पाणीपुरवठ्यावर सक्रिय कोळशाचे फिल्टर बसवावे लागले, तर काही भागासाठी दुसरीकडून स्वच्छ पाणी आणण्यासाठी नव्या जलवाहिन्या टाकाव्या लागल्या. मुलांच्या रक्तातही रसायने सापडल्यावर तिथल्या आयांनी आंदोलन उभारले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या.

दरम्यान २०१९ मध्ये मितेनीची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली. ती लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या भारतीय कंपनीने आपल्या उपकंपनीमार्फत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली गेली.

यंत्रे आली म्हणजे प्रदूषण झालेच, असे म्हणता येत नाही. पण ते झाले नाही हे सिद्ध करण्यासाठीही पाणी नियमित तपासावे लागते आणि निकाल लोकांसमोर ठेवावे लागतात. पीफाससाठी मर्यादाच नसेल, तर रहिवाशांनी कोणत्या आकड्याकडे बघायचे?

घरी काय करता येईल?

• उकळल्याने पीफास जात नाहीत. उलट पाणी आटते आणि रसायने मागे राहतात. तुरटी, तांब्याचे भांडे, माठ यांचाही उपयोग नाही.

• टीडीएस मीटर पीफास दाखवत नाही. तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. पीफाससाठी विशेष प्रयोगशाळा लागते.

• घरगुती आरओ चांगले काम करतो. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठांच्या २०२० च्या अभ्यासात आरओने ९४ टक्के किंवा त्याहून जास्त पीफास काढले. कोळशाच्या फिल्टरची सरासरी ७३ टक्के होती, पण फिल्टरागणिक निकाल फार बदलत होते.

• फिल्टर वेळेत बदला. मुदत संपलेला फिल्टर नुसता निरुपयोगी नसतो. अडकलेली रसायने तो परत सोडू शकतो.

• फक्त जाहिरातीवर जाऊ नका. एनएसएफ/एएनएसआय ५३ (कोळसा) किंवा ५८ (आरओ) या मानकांखाली पीएफओए, पीएफओएस कमी करण्याचे प्रमाणपत्र आहे का, ते विचारा.

मात्र घराघरात आरओ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. ज्याला परवडेल तोच वाचेल, आणि वाया जाणारे पाणी गटारातून परत नदीला मिळेल. विल्मिंग्टन आणि व्हेनेतो या दोन्ही ठिकाणी रसायन आधी पाण्यात गेले आणि मग ते काढायला वर्षे आणि कोट्यवधी रुपये लागले. कारखान्याच्या दारातच ते अडवणे यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. त्यासाठी पहिले पाऊल साधे आहे: मर्यादा ठरवणे, पाणी तपासणे आणि आकडे जाहीर करणे. तुमच्या गावाजवळ रासायनिक वसाहत असेल तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला एवढेच विचारा: आपल्या पाण्याची पीफाससाठी कधी तपासणी झाली आहे का?